गेरेझा: मोम्बासाच्या एका किल्ल्याची वाटचाल

गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात. पोर्तुगिजांचा 'इग्रेजा' कोकणी जिभेवर असा बसला. तोच शब्द समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला आणि स्वाहिलीत 'गेरेझा' झाला. पण मोम्बासात गेरेझा म्हणजे चर्च नव्हे, गेरेझा म्हणजे तुरुंग. शब्दाचं मूळ इग्रेजाच, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. अर्थ एवढा कसा घसरला याचं उत्तर व्याकरणात शोधण्यापेक्षा मोम्बासा बेटाच्या कडेला असलेल्या एका किल्ल्यात शोधावं. तिथे आधी चर्च होतं, मग नुसती शिबंदी राहिली, मग कैदी आले. आज तिथे संग्रहालय आहे आणि शाळेची मुलं रांगेने आत जातात.

किल्ल्याचं कागदोपत्री नाव फोर्ट जीझस. गावात नुसतं 'न्गोमे' म्हणजे 'किल्ला' म्हटलं तरी भागतं. 1593 ते आजपर्यंतची ही वाटचाल सांगायची तर सुरुवात थोडी आधीपासून करावी लागते, कारण किल्ला बांधला गेला तेव्हा शेजारचं गाव काही शतकांचं जुनं झालेलं होतं.

*

प्रवासी इब्न बतूता 1331 मध्ये मोम्बासात एक रात्र राहिला. बेट मोठं आहे, केळी आणि लिंबं भरपूर, धान्य मात्र मुख्य भूमीवरून आणावं लागतं, मशिदी लाकडाच्या आणि पक्क्या बांधणीच्या, एवढं त्याने नोंदवलं आणि तो दक्षिणेला किल्वाकडे निघून गेला. किल्वा तेव्हा वैभवात होतं. झिंबाब्वेच्या पठारावरचं सोनं सोफाला बंदरात यायचं आणि तिथून किल्वाच्या सुलतानाच्या हातातून पुढे जायचं. बदल्यात खंबायतचं सुती कापड, मणी, चिनी भांडी आत सरकायची. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंतींआड चिनी भांड्यांचे तुकडे आणि परदेशी काचमणी मिळाले, ते या साखळीमुळेच.

ही साखळी वाऱ्यावर चाले. 'कास्काझी' हा ईशान्येचा वारा डिसेंबरच्या सुमाराला अरबस्तान आणि हिंदुस्थानकडून गलबतं घेऊन येई, 'कुसी' हा नैर्ऋत्येचा वारा एप्रिलनंतर त्यांना परत नेई. आपल्याकडे मृगाची वाट पाहिली जाते, तशी तिथे कास्काझीची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणांत (त्यांना 'पेरिप्लस' म्हणतात) या किनाऱ्यावरच्या राप्टा नावाच्या बंदराचा उल्लेख आहे आणि त्याच पुस्तकात कल्याण आणि चौलही आहे. म्हणजे ओळख जुनी. तूप, तिळाचं तेल, धान्य आणि कापड घेऊन हिंदुस्थानची जहाजं आफ्रिकेच्या शिंगाला लागत, हेही तो खलाशी सांगतो.

व्यापारी येत, वारा फिरेपर्यंत राहत, काही जण लग्न करून कायमचे राहत. गावाचा कारभार मात्र गावाकडेच असे. मोम्बासाचं स्वतःचं नाव म्विता. पहिली राणी म्वाना म्किसी, तिच्यानंतर शेहे म्विता, अशी तिथली परंपरा सांगते. गावातल्या बारा कुळांच्या संघाला 'थेनाशारा ताइफा' म्हणतात. किल्ल्यावर निशाण कुणाचंही असो, या बारांशी बोलल्याशिवाय मोम्बासात कुणाचंच फार दिवस जमलं नाही. पुढच्या हकिकतीत ते अधूनमधून दिसतील.

*

7 एप्रिल 1498 रोजी वास्को द गामा मोम्बासाच्या बाहेर नांगर टाकून उभा राहिला. गावाला संशय आला, रात्री पोहत जाऊन काही जणांनी जहाजाचे दोर कापायचा प्रयत्न केला. गामा तिथून सटकला आणि उत्तरेला मालिंदीला गेला. मालिंदी आणि मोम्बासा यांचं हाडवैर, त्यामुळे मालिंदीच्या राजाने पाहुण्यांना मिठी मारली, वाटाड्या दिला, आणि मे महिन्यात गामा कालिकतला पोचला. दोन शेजारी बंदरांच्या भांडणातून तिसऱ्याचं फावलं, ही गोष्ट मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

पुढचं सगळं आगीचं आहे. 1505 मध्ये हिंदुस्थानचा पहिला व्हाइसरॉय म्हणून निघालेल्या आल्मेइदाने वाटेत किल्वा घेतलं आणि मोम्बासा लुटून जाळलं. 1529 मध्ये नुनो द कुन्याने पुन्हा जाळलं. हाच नुनो द कुन्या पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला आणि 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून त्याने वसई मिळवली. वसई आणि मोम्बासा या दोन गावांची कुंडली अशी एका माणसापाशी येऊन मिळते. ती पुढे आणखी गुंतणार आहे.

एवढं होऊनही पोर्तुगिजांनी मोम्बासात किल्ला बांधला नव्हता. 1580 च्या दशकात मीर अली बे नावाचा तुर्की सरदार दोनदा किनाऱ्यावर उतरला, गावागावांनी त्याचं स्वागत केलं, आणि गोव्यात धडकी भरली. 1589 मध्ये गोव्याहून आरमार आलं. त्याच वेळी मुख्य भूमीवरून झिंबा नावाची लढाऊ टोळी बेटावर तुटून पडली आणि मोम्बासा दोन्हीकडून चिरडलं गेलं. झिंबांना मग मालिंदीपाशी सेगेजू लोकांनी गारद केलं, मोम्बासाही जिंकलं आणि ते मालिंदीच्या राजाच्या हवाली केलं. शंभर वर्षांच्या मैत्रीचं बक्षीस म्हणून मालिंदीचा सुलतान मोम्बासाच्या गादीवर येऊन बसला. त्याच्या पाठोपाठ पोर्तुगीज आले ते पाया खणायच्या तयारीने.

11 एप्रिल 1593 ला काम सुरू झालं. आराखडा जोव्हानी बात्तिस्ता काइराती या स्थपतीचा. माणूस मिलानचा, हुद्दा पोर्तुगीज हिंदुस्थानच्या मुख्य स्थपतीचा, मुक्काम गोव्याचा. 1596 मध्ये किल्ल्याचं बरंचसं काम उरकलं आणि त्याच साली काइराती वारला. तेव्हा युरोपात शहरं आणि गढ्या माणसाच्या शरीराच्या प्रमाणात बेतायची चाल होती. फोर्ट जीझस वरून पाहिला तर हातपाय पसरून पडलेला माणूस दिसतो: डोकं समुद्राकडे, चार कोपऱ्यांना चार बुरूज. बुद्धी इटलीची, हुकूम लिस्बनचा, पैसा आणि माणसं गोव्याकडची. दगड तेवढा मोम्बासाचा. बेटच प्रवाळाचं आहे, त्यामुळे खंदक खणताना जो प्रवाळी खडक निघाला तोच तटाला लागला. या किनाऱ्यावरची घरं, मशिदी आणि थडगी कितीतरी शतकं याच दगडात बांधली जात होती. किल्ल्याचा आकार परका असला तरी पोत गावचाच राहिला.

*

किल्ला झाला आणि मैत्री संपली. सुलतानाला जकातीचा तिसरा हिस्सा मिळायचा करार होता. किल्लेदार बदलत राहिले, प्रत्येकाला तो हिस्सा खुपत राहिला. सुलतान हसन बिन अहमद 1614 मध्ये किल्लेदाराच्या धाकाने मुख्य भूमीवर रबाईला पळाला. तिथे त्याचा खून झाला आणि त्याचं मुंडकं गोव्याला धाडण्यात आलं.

त्याच्या पोराची गोष्ट या किल्ल्याच्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. यूसुफ तेव्हा सात-आठ वर्षांचा. त्याला गोव्याला नेलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांकडे ठेवलं, बाप्तिस्मा दिला. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या मठाचा जो एकाकी, अर्धा कोसळलेला मनोरा उभा आहे, तो याच पाद्र्यांचा. तिथे मोम्बासाचा राजपुत्र दों जेरोनिमो शिंगुलिया झाला. तो पोर्तुगीज आरमारात चाकरीला राहिला आणि 1626 मध्ये ख्रिस्ती राजा म्हणून मोम्बासाला परतला. गावाला तो परका, कारण तो पाद्र्यांचा. किल्ल्याला तो परका, कारण तो गावाचा. बापाच्या थडग्यापाशी तो मुसलमानी रीतीने प्रार्थना करतो अशी चुगली किल्लेदाराच्या कानी गेली, असं सांगतात. गोव्यात इन्क्विझिशन होतं. चुगलीचा अर्थ काय होतो हे तिथे वाढलेल्या यूसुफला कुणी सांगायला नको होतं.

16 ऑगस्ट 1631 ला, मेरीमातेच्या सणाच्या सुमारास, तो माणसं घेऊन किल्ल्यात शिरला आणि त्याने किल्लेदाराला भोसकलं. मग गावातल्या पोर्तुगिजांची आणि त्यांच्या बाजूच्या ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. मेलेल्यांत आफ्रिकी ख्रिस्तीही होते. धर्म बदलायला नकार दिला म्हणून मेले असं ठरवून त्यांना हुतात्मे करण्यासाठी पुढे गोव्यात साक्षी घेतल्या गेल्या. गोव्याहून 1632 च्या सुरुवातीला आलेल्या आरमाराला किल्ला घेता आला नाही. तरीही यूसुफने किल्ला राखला नाही. त्याने जमेल तेवढा तट मोडला, तोफा घेतल्या, एक पकडलेलं जहाज घेतलं आणि तो समुद्रावर निघून गेला. काही वर्षं चाचेगिरी केली आणि 1638 मध्ये जेद्द्याला वारला.

पोर्तुगीज परत आले. 1635 मध्ये किल्लेदार झालेल्या सेइशास द काब्रेराने दरवाजावर शिलालेख बसवला, त्यात आपण किनाऱ्यावरची कोणकोणती गावं कशी वठणीवर आणली याची यादी आहे. तो लेख अजून जागेवर आहे. फुशारकी मारणाऱ्या दगडांचं आयुष्य नेहमी मोठं असतं.

*

आता वसई आणि मोम्बासा यांना पुन्हा जोडणाऱ्या एका गलबताकडे येऊ.

1650 मध्ये ओमानी अरबांनी मस्कतमधून पोर्तुगिजांना हाकललं, तेव्हा मोम्बासाच्या लोकांनीच मस्कतला निरोप धाडले की इकडेही या. अखेर 13 मार्च 1696 ला ओमानी आरमाराने किल्ल्याला वेढा घातला. तो 33 महिने चालला. आत पोर्तुगीज सैनिक मूठभर आणि त्यांच्या आश्रयाला आलेले किनाऱ्यावरचे लोक शेकड्यांनी. त्यात साथ आली, माणसं पटापट गेली. 1697 च्या पावसाळ्याअखेर किल्ल्यातला शेवटचा किल्लेदारही वारला आणि फोर्ट जीझसची सूत्रं फाझा गावच्या ब्वाना दाऊद या स्वाहिली राजपुत्राच्या हातात आली. त्याचे काही नातलग, थोडे आफ्रिकी पुरुष आणि बऱ्याचशा बायका, एवढ्या लोकांनी तो लढवला. पोर्तुगीज किल्ला, वर पोर्तुगीज निशाण, आणि आत जिवंत पोर्तुगीज एकही नाही. इतिहासाच्या पुस्तकांत या दिवसांना दोन ओळी मिळतात. शिल्लक राहिलेले कागद वरिष्ठांना लिहिलेले असतात, आणि बायकांना लिहायला वरिष्ठ नव्हते.

सप्टेंबरमध्ये गोव्याची कुमक आली. त्यात 'सांतु आंतोनिओ द तान्ना' हे 42 तोफांचं जहाज होतं. तान्ना म्हणजे आपलं ठाणं, आणि जहाज 1681 च्या सुमारास वसईत बांधलेलं, सागवानाचं. ठाण्याचा संत अँथनी मोम्बासाला रसद घेऊन आला, लढाईत लंगडा झाला आणि ऑक्टोबर 1697 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशीच बुडाला. वेढा त्यानंतरही वर्षभर चालला. 13 डिसेंबर 1698 ला ओमानी तटावर चढले तेव्हा आत झुंजायला मोजकीच माणसं उरली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोव्याचं आणखी एक आरमार बेटासमोर आलं, किल्ल्यावर लाल निशाण पाहिलं आणि वळून गेलं.

1728 मध्ये ओमानी शिबंदीतल्या बंडाळीचा फायदा घेऊन पोर्तुगीज पुन्हा किल्ल्यात घुसले, पण पुढच्याच वर्षी गावाने उठाव करून त्यांना काढलं. या वेळी मस्कतची वाट पाहिली नाही. दहा वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई घेतली. ज्या गोदीतून ते जहाज निघालं होतं, तीही गेली.

*

ओमानने नेमलेले सुभेदार मझरुई घराण्यातले. अठराव्या शतकाच्या मध्याला ओमानात सत्तापालट झाला तेव्हा त्यांनी नव्या सुलतानाला मुजरा करायचं नाकारलं आणि मोम्बासा जवळजवळ स्वतंत्र झालं. हे घराणं अरब, पण दोन पिढ्यांत स्वाहिली बोलू लागलं, बारा कुळांत सोयरिकी झाल्या. मुयाका बिन हाजी हा मोम्बासाचा कवी याच काळातला. मझरुईंच्या बाजूने आणि ओमानच्या सुलतानाविरुद्ध त्याने रचलेली कवनं बाजारात लोकांच्या तोंडी असत. किल्ल्यातल्या मझरुईंच्या बैठकीच्या खोलीत तुळयांवर कोरलेल्या ओळी अजून दिसतात. माझ्या मते किल्ला खऱ्या अर्थाने गावाचा झाला तो या शंभर वर्षांत, जरी धनी तेव्हाही समुद्रापलीकडून आलेल्यांचेच वंशज होते.

1824 मध्ये कॅप्टन ओवेन नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने, मझरुईंच्या विनंतीवरून आणि वरच्यांना न विचारता, किल्ल्यावर ब्रिटिश निशाण चढवलं. गुलामांचा व्यापार थांबवायची अट घातली. लंडनने दोन वर्षांत ते निशाण उतरवलं. 1837 मध्ये ओमान आणि झांझिबारचा सुलतान सय्यद सईद याने मझरुईंना फसवून मोम्बासा घेतलं आणि किल्ला झांझिबारच्या ताब्यात गेला. लवंगांच्या बागा, हस्तिदंत आणि माणसांची विक्री यांवर झांझिबार गबर होत गेलं. या व्यापारात अरब होते, स्वाहिली होते, आणि पेढीवर बसून भांडवल पुरवणारे कच्छी-गुजराती शेठही होते. आपल्याकडे त्या व्यापाराच्या आठवणी फक्त साहसाच्या असतात, हिशेबवहीच्या नसतात.

इथे नाशिकचा एक धागा आहे. इंग्रजी आरमाराने गुलामांची जहाजं पकडून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींना मुंबई इलाख्यात आणून नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढवलं जाई, सुतारकी, लोहारकी, लिहिणं-वाचणं शिकवलं जाई. प्रवासी-मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा या नाशिककर मुलांपैकी एक. 1870 च्या दशकात त्यांच्यापैकी बरेच जण मोम्बासाला गेले. किल्ल्यासमोर खाडीपलीकडे त्यांच्यासाठी आणि नव्याने सुटलेल्या गुलामांसाठी जी वस्ती वसली तिचं नाव फ्रेअर टाउन, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. तिथली माणसं त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. त्यांच्यापैकीच विल्यम जोन्स याने रबाईत पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला, आणि 1889 च्या सुरुवातीला ब्रिटिश कंपनीने मालकांना भरपाई देऊन अशा सुमारे 1,400 जणांना मोकळं केलं. रबाई, म्हणजे सुलतान हसन जिथे मारला गेला तेच गाव. आपल्या जन्मगावाचं नावही न आठवणारी मुलं नाशिकमार्गे आफ्रिकेत परतली आणि तिथे नाव मिळालं ते मुंबईचं.

*

1895 नंतरची साठेक वर्षं पटकन सांगता येतील, कारण त्यांत किल्ल्याचं काही झालंच नाही. ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेवर अंमल बसवला, किनारपट्टीचा दहा मैलांचा पट्टा झांझिबारच्या सुलतानाकडून भाड्याने घेतला आणि किल्ल्याचा तुरुंग केला. 1896 ला मोम्बासाहून रेल्वे निघाली, 1901 मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला लागली. तिच्यासाठी सुमारे 32,000 मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून आणले होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास मेले. कारकुनीला गोवेकर आले. 1920 पर्यंत चलन रुपयाच होता. या सगळ्या गडबडीत किल्ल्यात मात्र भिंतींना चुना लागत होता आणि कोठड्या वाढत होत्या. चर्चचा पाया मातीखाली गेला. गेरेझा या शब्दाचा अर्थ आता कुणाला समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

*

1958 मध्ये कैदी हलवले आणि किल्ला ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर झाला. उत्खननासाठी आणि डागडुजीसाठी पैसे दिले लिस्बनच्या गुलबेंकियन प्रतिष्ठानने. काम सोपवलं जेम्स कर्कमन यांच्याकडे. ते 1948 पासून मालिंदीजवळच्या गेदी या जंगलात हरवलेल्या स्वाहिली नगराचं उत्खनन करत होते. 1960 मध्ये संग्रहालय उघडलं. तो क्षण डोळ्यांसमोर आणून पाहावा: पोर्तुगिजांचा किल्ला, पोर्तुगालहून आलेला निधी, इंग्रज अभिरक्षक, आणि वर फडकत होता झांझिबारच्या सुलतानाचा लाल झेंडा. पट्टा भाड्याचा असल्यामुळे तो झेंडा डिसेंबर 1963 मध्ये केनिया स्वतंत्र होईपर्यंत तिथेच होता. संग्रहालय उघडलं तेव्हा गोवासुद्धा पोर्तुगीजच होतं, आणखी वर्षभरासाठी.

कर्कमन यांनी तुरुंगाचा भराव काढला, चर्चचा पाया, पायऱ्यांच्या वाटा, किल्लेदाराचं घर मोकळं केलं. एका बुरुजाच्या भिंतीवर कंटाळलेल्या पोर्तुगीज शिपायांनी कोळशाने आणि गेरूने काढलेली जहाजं, चर्चं, मासे मिळाले. ती भिंत संग्रहालयात जपून ठेवली आहे. गेदीतल्या वस्तूही इथेच आल्या: चिनी भांडी, हिंदुस्थानी लोखंडी दिवा, व्हेनिसचे मणी.

कर्कमन यांचं काम फार चोख होतं. पण त्यांचा एक समज होता, आणि तो त्या काळच्या बहुतेक युरोपीय पुराविदांचा होता: ही दगडी नगरं मुळात आफ्रिकी नव्हेत, अरबांच्या आणि इराण्यांच्या वसाहती आहेत. दगडात बांधलं, समुद्रावर व्यापार केला, अरबी लिपीत लिहिलं, म्हणजे बाहेरून आलेल्यांनीच केलं असणार. गावोगावच्या 'आम्ही शिराझहून आलो' या दंतकथांनी त्याला दुजोराच मिळाला. ग्रेट झिंबाब्वेबद्दल गोऱ्या राजवटीने असाच दावा अनेक वर्षं चालवला होता, तिथे तर शीबाच्या राणीपर्यंत मजल गेली.

यावर मराठी माणसाकडे एक साधं उत्तर आहे. या लेखात मी किल्ला, बुरूज, शिबंदी, जकात, रसद, कुमक हे शब्द बेधडक वापरले. सगळे फारसी-अरबी-तुर्कीकडून आलेले. तुरुंग पोर्तुगिजांचा, अननसही त्यांचाच. म्हणून रायगड कुणी इराण्यांनी बांधला असं म्हणत नाही. स्वाहिलीत अरबी शब्द खच्चून भरलेत, पण तिचं व्याकरण बांटू भाषांचं आहे. पेरूला तिथे 'पेरा' म्हणतात आणि अननसाला 'नानासी', त्याने ती पोर्तुगीज होत नाही.

ही नगरं मुळात आफ्रिकी आहेत हे पुराव्याने सिद्ध व्हायला 1980 चं दशक उजाडलं. लामूजवळच्या शांगा इथे मार्क हॉर्टन यांनी दगडी मशिदीखाली खणत नेलं, तेव्हा तिच्या आधीच्या लाकडी मशिदींच्या खांबांचे खड्डे एकाखाली एक सापडले, पार आठव्या शतकापर्यंत. सोबतची मातीची भांडी स्थानिक, घरं स्थानिक. गाव आधी, व्यापार मग, दगड सर्वांत शेवटी. जॉर्ज अबुंगू, चापुरुखा कुसिम्बा अशा केनियन पुराविदांची पिढी तोवर उभी राहिली होती. 2023 मध्ये या किनाऱ्यावरच्या 80 मध्ययुगीन लोकांच्या अवशेषांच्या जनुकीय अभ्यासाने गोष्ट आणखी गुंतागुंतीची केली. सुमारे इसवी सन 1000 पासून आफ्रिकी स्त्रिया आणि मुख्यतः इराणी पुरुष यांचे वंश एकत्र आलेले दिसले, थोडा अंश हिंदुस्थानीही. म्हणजे शिराझची दंतकथा अगदीच खोटी नव्हती. बाप गलबतातून उतरला असेल, पण तो उतरला त्या गावात भाषा आईची होती आणि बहुधा घरही.

दरम्यान, समुद्राखाली पडलेल्या ठाण्याच्या संताचीही पाळी आली. 1977 ते 1980 या काळात किल्ल्याचे अभिरक्षक हॅमो सासून आणि सागरी पुरातत्त्वाचे जाणकार रॉबिन पीअर्सी यांच्या देखरेखीखाली पाणबुड्यांनी तो तपासला. तोफा, चिनी भांडी, रांजण, खलाशांच्या वापरातल्या वस्तू हजारोंनी वर आल्या. किल्ल्यातच प्रयोगशाळा काढून त्यांच्यातलं खारं पाणी महिनोन्महिने उतरवलं गेलं. सागवानी सांगाडा मोजून, रेखाटून पुन्हा वाळूखाली झाकून ठेवला, कारण एवढं मोठं लाकूड वाळवून टिकवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. वसईच्या सुतारांनी जोडलेल्या फळ्या आजही तिथेच आहेत. वसईच्या किल्ल्यात त्या जहाजाबद्दल एखादी पाटी असायला काय हरकत होती, असं मला वाटतं. आणि मोम्बासाच्या किल्ल्याबद्दलचे कित्येक कागद पणजीच्या पुराभिलेखागारात 'मोसमी वाऱ्यांच्या वह्या' या नावाने बांधलेले आहेत. दरवर्षीच्या आरमाराबरोबर ये-जा करणारी पत्रं त्यांत आहेत, म्हणून हे नाव.

2011 मध्ये युनेस्कोने फोर्ट जीझसला जागतिक वारसा म्हटलं. त्यानंतर खरी काळजी निघाली ती समुद्राची. बेटाखालचा प्रवाळी खडक लाटा पोखरत होत्या, पायथ्याशी कपारी पडल्या होत्या. मग सरकारने समुद्राच्या बाजूने संरक्षक भिंत बांधली. नव्या भिंतीने जुन्याचं रूप बिघडतं का, यावर वाद झाला. तट वाचला.

2014 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत अली मझरुई वारले. किल्ला राखणाऱ्या त्याच मझरुईंच्या घराण्यात 1933 मध्ये मोम्बासाला जन्मलेले, जगभर गाजलेले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. 1986 मध्ये त्यांनी आफ्रिकेवर दूरचित्रवाणी मालिका केली होती. आफ्रिकेचा वारसा तिहेरी आहे, मूळचा, इस्लामचा आणि पश्चिमेचा, असं त्यांनी त्यात मांडलं आणि त्यावरून अनेक जण त्यांच्यावर चिडले. पण शेवटची इच्छा साधी होती. त्यांचं शव मोम्बासाला आणलं आणि किल्ल्याशेजारच्या मझरुईंच्या जुन्या दफनभूमीत, पूर्वजांच्या रांगेत, त्यांना ठेवलं.